निरोप थांबतच नाही तेव्हा: किनेज, जनुकं आणि कॅन्सर

कॅन्सरवरच्या नव्या औषधांच्या बातम्या वाचणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल: इमॅटिनिब, जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब, रुक्सोलिटिनिब, सगळ्या नावांचं शेपूट सारखंच. बातमीत पुढे एक ठरलेलं वाक्य असतं की हे 'किनेज इनहिबिटर' आहे आणि ते कॅन्सरच्या पेशींना मिळणारा वाढीचा संदेश अडवतं. पण कसला संदेश, कोण कोणाला देतं, आणि तो अडवला की पुढे काय होतं, हे सांगायला बातमीत जागा उरत नाही. ज्याच्या रिपोर्टवर 'बी-राफ पॉझिटिव्ह' किंवा 'ईजीएफआर म्यूटेशन आढळले' असं छापून येतं, त्याला तर हे समजायलाच हवं.

शाळेत शिकलेल्या पेशी, केंद्रक, डीएनए आणि प्रथिनं या चार गोष्टी आठवत असतील तर पुढचं सगळं कळेल.

## डीएनए सारखाच, मग पेशी वेगवेगळ्या कशा?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. त्यात प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यातला फरक जनुकांचा नाही, कुठली जनुकं वाचली जातात याचा आहे. तीच पेशी सकाळी एक वाचते, जखम झाली की दुसरंच.

काय वाचायचं हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. यापुढे नुसतं फॅक्टर म्हणू. माणसात असे साधारण १,६०० फॅक्टर आहेत. प्रत्येकाला डीएनएवरचा अक्षरांचा एक ठरावीक क्रम ओळखता येतो. तो सापडला की फॅक्टर तिथे बसतो आणि शेजारच्या जनुकाची आरएनए-प्रत काढायला लावतो, किंवा काढू देत नाही. त्या प्रतीवरून पुढे प्रथिन बनतं.

अडचण अशी की फॅक्टरचं काम केंद्रकात आणि बातमी येते पेशीच्या बाहेरून. इन्सुलिन असो, जखमेजवळ सुटणारी वाढीची द्रव्यं असोत, ती पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर येऊन थबकतात, आत शिरत नाहीत. पडद्यापासून केंद्रकापर्यंत निरोप कुणीतरी न्यायला हवा. हे काम मुख्यतः किनेज करतात.

## फॉस्फेटचा शिक्का

किनेज हेही प्रथिनच. त्याचं काम एका ओळीचं आहे: एटीपी या रेणूवरचा एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर बसवायचा. तोही कुठेही नाही. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांतल्या मुख्यतः तिघांवरच, सेरिन, थ्रिओनिन आणि टायरोसिन. कार्यालयात अर्ज शिक्के खात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतो, तसं पेशीत चालतं. फक्त इथे ज्याच्यावर शिक्का बसतो तोच बहुतेक वेळा पुढचा शिक्का मारणारा असतो. माणसात असे शिक्के मारणारे पाचशेहून थोडे जास्त आहेत.

एवढ्याशा फॉस्फेटने काय होतं? तो लहान असला तरी त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो, आणि प्रथिनाची घडी अशाच भारांच्या ओढाताणीवर टिकून असते. नको तिथे ऋण भार आला की घडी हलते. झाकलेला भाग उघडा पडतो, जोडीला धरलेलं प्रथिन सुटतं, नवं येऊन चिकटतं.

शिक्क्याची उपमा एका महत्त्वाच्या ठिकाणी तोकडी पडते. कागदावरचा शिक्का पुसला जात नाही, फॉस्फेट मात्र पुसला जातो. फॉस्फटेज नावाची प्रथिनं तेच काम करत असतात, सतत, किनेजांच्या मागोमाग. पुसलं जाणं हा पेशीच्या कारभारातला दोष नाही, त्याच्यावरच तो कारभार चालतो. पुढचा सगळा लेख खरं तर याच एका गोष्टीबद्दल आहे.

हे सापडलं १९५० च्या दशकात, सिएटलला. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर स्नायूंमध्ये साठवलेली साखर मोकळी करणारं एक प्रथिन अभ्यासत होते. ते फॉस्फेट बसला की चालू होतं आणि निघाला की मंदावतं, हे त्यांना दिसलं. त्यांना नोबेल मिळालं ते १९९२ मध्ये. टायरोसिनवर फॉस्फेट बसतो हे कळायला १९७९ उजाडलं, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या साल्क संस्थेत टोनी हंटर फॉस्फेट बसलेली अमिनो आम्लं विजेच्या साहाय्याने वेगळी करत होते. त्यासाठी लागणारं आम्लधर्मी द्रावण त्यांनी ताजं बनवलं नाही, जुनंच वापरलं. वापरून वापरून त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता. नेमक्या त्या फरकामुळे एरवी थ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून जाणारा टायरोसिनचा ठिपका सुटा दिसला. ज्या विषाणू-प्रथिनांमुळे पेशींत कॅन्सर होतो त्यांच्याशी हा ठिपका जोडलेला निघाला. त्यांतलंच एक 'सार्क' हे किनेज. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या गटाने दाखवून दिलं होतं की सार्कचं जनुक मुळात विषाणूचं नाहीच, ते निरोगी पेशीतलं आहे. विषाणूने ते उचललं, आणि उचललेल्या प्रतीत त्याला आवर घालणारा तुकडाच उरला नाही.

## एका निरोपाचा प्रवास

ईजीएफ हे वाढीचं द्रव्य घेऊ. पेशीच्या पडद्यात ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन, आरपार रोवलेला असतो. ईजीएफ बाहेरून चिकटलं की दोन रिसेप्टर जवळ येतात आणि आतल्या बाजूला एकमेकांवर फॉस्फेट बसवतात. त्यामुळे आतलं 'रास' हे प्रथिन जागं होतं (हे स्वतः किनेज नाही), ते 'राफ'ला जागं करतं, राफ 'मेक'वर फॉस्फेट बसवतो, मेक 'ईआरके'वर. ईआरके केंद्रकात शिरतो आणि तिथल्या फॅक्टरांवर फॉस्फेट बसवतो. लगेच 'फॉस' नावाचं जनुक वाचलं जाऊ लागतं. ईजीएफ चिकटल्यापासून इथवर यायला काही मिनिटं पुरतात, आणि तास-दोन तासांत फॉसचं वाचन पुन्हा बंद. फॉस हा स्वतः एक फॅक्टर आहे, तो पेशीला विभाजनाकडे नेणारी पुढची जनुकं हाताळतो.

एवढ्या पायऱ्या कशाला, थेट का नाही? कारण प्रत्येक पायरीवर निरोप वाढवता येतो, कमी करता येतो, थांबवता येतो. ईआरके चालू झाला की ज्या जनुकांचं वाचन वाढतं, त्यांतली काही ईआरकेवरचाच फॉस्फेट काढणारी फॉस्फटेज बनवतात. निरोप पोचतानाच स्वतःच्या शेवटाची सोय करून ठेवतो.

सगळे मार्ग इतके लांब नसतात. विषाणूची लागण झालेल्या पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन हे द्रव्य सोडतात. त्याच्या रिसेप्टरला चिकटून बसलेलं 'जॅक' हे किनेज 'स्टॅट' या फॅक्टरवर पडद्यापाशीच फॉस्फेट बसवतं. दोन स्टॅट एकमेकांच्या फॉस्फेटला धरून जोडी जमवतात आणि थेट केंद्रक गाठतात. मध्ये कुणी नाही.

## शिक्का तोच, पण बसला कुठे?

फॉस्फेट म्हणजे 'चालू' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. इन्सुलिन आलं की एकेटी हे किनेज 'फॉक्सओ' या फॅक्टरवर फॉस्फेट बसवतं आणि फॉक्सओची केंद्रकातून हकालपट्टी होते, म्हणजे इथे फॉस्फेटचा अर्थ 'बंद'. सूज आणणारी जनुकं हाताळणारा 'एनएफ-कप्पा-बी' केंद्रकाबाहेर एका प्रथिनाच्या पकडीत अडकलेला असतो. किनेज त्या पकडणाऱ्यावर फॉस्फेट बसवतं, पेशी त्याचे तुकडे करते आणि फॅक्टर सुटतो. इथे तर फॅक्टरला हातही लावावा लागत नाही.

सर्वांत बोलका नमुना 'मिक' या फॅक्टरचा. मिक हजारो जनुकांवर प्रभाव टाकतो, विभाजन करणाऱ्या पेशीला तो लागतोच, म्हणून पेशी त्याला फार वेळ टिकू देत नाही. बनलेल्या मिकपैकी निम्मा अर्ध्या तासाच्या आत नष्ट झालेला असतो. मिकच्या साखळीत ६२ व्या जागी सेरिन आहे आणि ५८ व्या जागी थ्रिओनिन, जवळजवळ शेजारी. ईआरकेने ६२ वर फॉस्फेट बसवला की मिक टिकतो. पण ६२ वर फॉस्फेट बसला की जीएसके-३ नावाच्या दुसऱ्या किनेजला ५८ वर फॉस्फेट बसवता येतो, आणि ५८ वर बसला की मिकची रवानगी तुकडे करणाऱ्या यंत्रणेकडे. म्हणजे ज्या फॉस्फेटने मिकला आयुष्य दिलं, त्यानेच त्याच्या नाशाची वाट मोकळी केली. बर्किट लिम्फोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरमध्ये अनेकदा ५८ वं थ्रिओनिनच बदललेलं आढळतं. दुसऱ्या फॉस्फेटला बसायला जागाच नाही, मग मिक राहतो.

## निरोप किती वेळ टिकला?

उंदराच्या जातीतल्या एका प्राण्याच्या, म्हणजे रॅटच्या, अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून वाढवलेल्या 'पीसी-१२' नावाच्या पेशी प्रयोगशाळांमध्ये फार वापरल्या जातात. त्यांना ईजीएफ दिलं तर त्या विभाजित होतात. एनजीएफ हे दुसरं द्रव्य दिलं तर त्या विभाजन थांबवून धागे काढतात आणि मज्जापेशींसारख्या दिसू लागतात. दोन्ही वेळा आत चालू होतो तो ईआरकेच. फरक एवढाच की ईजीएफने तो थोडा वेळ चालतो आणि मावळतो, एनजीएफने तासन्‌तास चालू राहतो.

केंद्रकाला हा वेळ मोजता येतो कसा? दुसऱ्या पेशींवरच्या प्रयोगांतून त्याचं एक सुरेख उत्तर मिळालं. फॉसचं जनुक वाचलं जाऊन प्रथिन तयार व्हायला थोडा अवधी लागतो. ते तयार होईपर्यंत ईआरके मावळला असेल तर फॉस लगेच नष्ट होतो. ईआरके अजून चालू असेल तर तो ताज्या फॉसवर फॉस्फेट बसवतो आणि फॉस टिकतो. जनुक वाचलं गेलं दोन्ही वेळा, पण निकाल ठरला तो निरोप टिकला की नाही यावर.

## कॅन्सरमध्ये नेमकं काय बिघडतं?

आता हे सोपं जाईल. कॅन्सरची पेशी स्वतःची वेगळी भाषा शोधून काढत नाही. किनेज तेच, फॅक्टर तेच, जनुकंही तीच. एरवी काही मिनिटं किंवा तास चालून थांबणारा निरोप थांबत नाही, एवढंच होतं.

मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांत बी-राफ हा राफ बिघडलेला असतो. हे २००२ मध्ये उघड झालं. बिघाड बहुतेकदा एकाच अक्षराचा: ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. रिपोर्टमध्ये 'व्ही६००ई' लिहितात ते हेच. राफ चालू करणारे फॉस्फेट याच ठिकाणाच्या आजूबाजूला बसतात, आणि ग्लुटामिक आम्लावर मुळातच ऋण भार असतो. परिणामी वरून कुणी सांगितलेलं नसतानाही बी-राफ चालू स्थितीत अडकतो. ऋण भार असा साखळीतच विणला गेला की फॉस्फटेज काढणार काय?

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये गुणसूत्रं ९ आणि २२ यांचे तुकडे अदलाबदल होतात, एबीएल हे किनेज दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जातं आणि कायम चालू राहतं. मग स्टॅट-५ ला इंटरफेरॉनसारख्या कुठल्याच निरोपाची वाट पाहावी लागत नाही. लाल रक्तपेशी भरमसाट वाढवणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात जॅक-२ चं तसंच होतं.

कधी बिघाड किनेजमध्ये नसतो, ते ज्याला आवरतात त्याच्यात असतो. विभाजनाची जनुकं हाताळणाऱ्या 'ई२एफ' फॅक्टरला 'आरबी' हे प्रथिन धरून ठेवतं. सीडीके-४ आणि सीडीके-६ या किनेजांनी आरबीवर पुरेसे फॉस्फेट बसवले की ई२एफ सुटतो. आरबीच नाहीसं झालं तर ई२एफ तसाही मोकळाच. हे लक्षात ठेवा, औषधांकडे वळल्यावर लागेल.

आणि किनेज म्हणजे खलनायक नव्हेत. डीएनए तुटला की एटीएमसारखी किनेज पी५३ या फॅक्टरवर फॉस्फेट बसवतात, त्यामुळे पी५३ टिकतो आणि पेशीला विभाजन थांबवायला किंवा मरायला लावतो. माणसाच्या कॅन्सरपैकी सुमारे निम्म्यांत पी५३ चं जनुक बिघडलेलं असतं. किनेज इमाने इतबारे निरोप पोचवतात, तो ऐकायला कुणी नसतं.

## बी-राफ बिघडला म्हणजे कॅन्सर होणारच का?

नाही. अंगावर येणाऱ्या साध्या तिळांपैकी बहुतेकांत हाच व्ही६००ई बिघाड सापडतो. ती पेशी काही काळ वाढते, तीळ तयार होतो आणि वाढ थांबते, बहुतेक वेळा कायमची. बेसुमार निरोप आला की पेशी त्याविरुद्ध इतर बंधनं आवळते. त्यांतलं एक सीडीके-४ आणि ६ ला रोखून आरबीची पकड टिकवतं. ही बंधनंही तुटली तर मेलानोमा होऊ शकतो. म्हणून 'म्यूटेशन सापडलं' एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ते कुठल्या पेशीत सापडलं आणि तिथे आणखी काय काय तुटलेलं आहे, हे बघावं लागतं.

## फॅक्टरच का अडवत नाहीत?

विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. शेवटी सगळे मार्ग मिकसारख्या फॅक्टरपाशी येऊन मिळत असतील तर पाचशे किनेजांच्या मागे का लागायचं?

कारण औषधाच्या छोट्या रेणूला प्रथिनात घट्ट बसायला खोलगट जागा लागते. प्रत्येक किनेजला एटीपी धरण्यासाठी अशी खाच असतेच. किनेज इनहिबिटर बहुधा तिथेच बसतात आणि एटीपीला येऊ देत नाहीत. फॅक्टरला अशी खाच बहुधा नसते. मिकचा मोठा भाग तर एकटा असताना धड घडीतही नसतो, धाग्यासारखा लोंबत असतो. त्याला औषधाने धरायचं कुठे?

अपवाद आहेत, आणि ते उत्साह वाढवणारे आहेत. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर हा स्वतःच फॅक्टर आहे आणि त्याला हार्मोनसाठी खाच आहे. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध तिथे बसतं. मूत्रपिंडाच्या काही गाठींमध्ये एचआयएफ-२ अल्फा या फॅक्टरला अडवणारं बेल्झुटिफॅन अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. लेनालिडोमाइड हे औषध तर फॅक्टरला अडवतही नाही, दोन फॅक्टरांना पेशीच्याच नाश करणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करतं. माझ्या मते पुढच्या काळात सर्वांत जास्त घडामोडी याच दिशेला होतील.

## निरोगी पेशींनाही किनेज लागतात ना?

लागतात, आणि दुष्परिणाम तिथूनच येतात. त्वचेच्या रोजच्या नूतनीकरणाला ईजीएफआर हवा असतो, म्हणून तो अडवणाऱ्या गोळ्यांनी चेहऱ्यावर आणि छातीवर मुरुमांसारखं पुरळ उठतं. मग औषध चालतं कसं? निरोगी पेशी अनेक निरोपांवर जगते, कॅन्सरच्या काही पेशी मात्र एकाच न थांबणाऱ्या निरोपावर विसंबलेल्या असतात. तोच काढला की त्या कोसळतात. इमॅटिनिबचं यश यावरच उभं आहे. २००१ मध्ये ते मंजूर झालं आणि वर सांगितलेला ल्युकेमिया बहुतेकांसाठी गोळ्या घेत वर्षानुवर्षं जगण्याचा आजार झाला. ज्या कॅन्सरमध्ये अशी एकच मेख नसते, तिथे इतकं यश मिळत नाही.

आधी तपासणी का करतात हेही यातून कळतं. पाल्बोसिक्लिब हे औषध सीडीके-४ आणि ६ ला रोखतं. ज्या गाठीत आरबीच उरलेलं नाही तिथे हे किनेज रोखून हाती काही लागत नाही.

## औषध आधी चालतं, मग बंद का पडतं?

बी-राफ अडवणारं वेमुराफेनिब अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. मेलानोमाच्या गाठी काही आठवड्यांत आटत. पण बहुतेकांत वर्षाच्या आतच त्या पुन्हा वाढू लागत. इतर काही कॅन्सरमध्ये किनेजची एटीपीची खाचच बदलते आणि औषध बसत नाही. मेलानोमात मात्र बहुधा पेशी राफच्या पुढे किंवा बाजूने दुसरी वाट काढते. म्हणून आता बी-राफबरोबर मेकही अडवणारी जोडऔषधं देतात, त्यांचा परिणाम जास्त टिकतो.

चक्रावून टाकणारी गोष्ट आतड्याच्या कॅन्सरची. तिथेही काही रुग्णांत तोच व्ही६००ई बिघाड असतो, पण वेमुराफेनिब एकट्याने दिलं तर जवळजवळ काहीच होत नाही. कारण २०१२ मध्ये कळलं. चालू असलेला ईआरके वरच्या ईजीएफआरला दाबून ठेवत असतो. आठवा, निरोप स्वतःच्या शेवटाची सोय करून ठेवतो. औषधाने ईआरके बंद पडताच तो दाब निघतो, ईजीएफआर उसळतो आणि निरोप दुसऱ्या वाटेने पुन्हा सुरू होतो. मेलानोमाच्या पेशींवर ईजीएफआर बहुधा फार कमी असतो, म्हणून तिथे औषध चाललं. मग आतड्याच्या कॅन्सरसाठी बी-राफ आणि ईजीएफआर दोन्ही अडवणारी जोडी आली, अमेरिकेत तिला २०२० मध्ये मंजुरी मिळाली.

काहींनी उलटा विचार केला. औषधाला निर्ढावलेल्या मेलानोमाच्या पेशी कधीकधी ईआरके इतका वाढवून बसतात की औषध अचानक थांबवलं तर तो अतिरेक त्यांनाच सोसत नाही. उंदरांमध्ये औषध मधूनमधून थांबवून दिल्यावर निर्ढावलेपण लांबणीवर पडलं. कल्पना देखणी होती, मलाही ती पटली होती. मग मेलानोमाच्या रुग्णांवर चाचणी झाली: एका गटाला बी-राफ आणि मेक अडवणारी औषधं सलग, दुसऱ्याला अधूनमधून खंड देऊन. २०२० मध्ये निकाल आला. सलग घेणाऱ्यांचा आजार मध्यकानुसार ९ महिने आटोक्यात राहिला, खंड देऊन घेणाऱ्यांचा ५.५ महिने.